ठिबक संचाचा आराखडा : पाइप पुरण्यापूर्वी दाब आणि प्रवाहाची चाचणी कशी करावी?

ठिबक संच नवीन असतो, ड्रीपर चांगल्या कंपनीचे असतात, तरीही लॅटरलच्या शेवटची झाडे लहान राहतात. अनेक ठिकाणी याचे कारण मालाच्या दर्जात नसते, तर आराखड्यात असते. पाइप जमिनीत पुरल्यानंतर ही चूक दुरुस्त करणे खर्चाचे ठरते. पुरण्यापूर्वी ती कागदावर किंवा संगणकावर शोधायला थोडा वेळ पुरतो. या लेखात ही चाचणी कशी करतात, त्यातून कोणते निर्णय घेता येतात आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याची माहिती दिली आहे.

मॉडेल आणि सिम्युलेशन म्हणजे काय?

मोठ्या बांधकामात 'आधी प्रतिरूप, मग प्रत्यक्ष काम' ही पद्धत जुनी आहे. पुण्याजवळ खडकवासला येथे १९१६ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात धरणांचे सांडवे, बंदरे यांची लहान आकाराची प्रतिरूपे बांधून त्यातून पाणी सोडून पाहतात. आता यातील बरेचसे काम संगणकावर गणिताने होते.

- मॉडेल (प्रतिरूप) : संचातील प्रत्येक भागाची आकड्यांत केलेली मांडणी. पाइपची लांबी व आतील व्यास, जमिनीचा चढ-उतार, ड्रीपरचा प्रवाह, पंपाची क्षमता हे सर्व त्यात येते.
- सिम्युलेशन (आभासी चाचणी) : या मांडणीवर संच 'चालवून' पाहणे. फिल्टर तुंबला, विहिरीची पातळी खाली गेली किंवा दोन व्हॉल्व्ह एकदम उघडे राहिले, तर काय होईल हे यातून कळते.

ठिबक संचात पंप, फिल्टर, मेनलाइन, सबमेन, लॅटरल आणि हजारो ड्रीपर एकमेकांवर अवलंबून असतात. एका ठिकाणचा व्यास बदलला की सगळीकडचा दाब बदलतो. त्यामुळे प्रत्येक भाग स्वतंत्रपणे योग्य निवडला तरी एकत्र आल्यावर संच बिघडू शकतो. म्हणून चाचणी संपूर्ण संचाची करावी आणि सर्वांत कमी दाब मिळणाऱ्या ड्रीपरकडे पाहून आराखडा ठरवावा.

तीन मूलभूत नियम

१. दाब आणि प्रवाह : साध्या (दाब-नियंत्रित नसलेल्या) ड्रीपरचा प्रवाह साधारणपणे दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. १० मीटर दाबाला (१ किलो प्रति चौरस सेंमी) २ लिटर प्रति तास देणारा ड्रीपर ६ मीटर दाबाला सुमारे १.५५ लिटर देतो.

२. घर्षण : पाइपमधून पाणी वाहताना दाब कमी होत जातो. प्रवाह दुप्पट झाला तर ही घट दुप्पट होत नाही, सुमारे साडेतीन पट होते. व्यास थोडा जरी कमी केला तरी घट झपाट्याने वाढते. यासाठी हेझन-विल्यम्स सूत्र प्रचलित आहे. लॅटरलमध्ये वाटेतच पाणी कमी होत जाते, म्हणून सलग पाइपच्या मानाने घट साधारण ३५ टक्के धरतात. वाटेत पाणी सोडणाऱ्या पाइपसाठीचा हा गुणक ख्रिस्तियनसेन यांनी १९४२ मध्ये तुषार सिंचनाच्या अभ्यासात मांडला.

३. उंची : १ मीटर चढ म्हणजे १ मीटर दाब कमी, १ मीटर उतार म्हणजे १ मीटर दाब जास्त. ८० मीटर लॅटरलला १ टक्का चढ असेल तर ०.८ मीटर दाब चढातच जातो.

स्वीकार्य मर्यादा : एका वेळी चालणाऱ्या विभागात सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी प्रवाहातील फरक १० टक्क्यांपर्यंत असावा. साध्या ड्रीपरसाठी याचा अर्थ दाबातील फरक सुमारे २० टक्के, म्हणजे १० मीटर दाबावर २ मीटर.

उदाहरण : दोन एकर टोमॅटो

शेत १०० मीटर × ८० मीटर, जमीन सपाट. लॅटरल ८० मीटरच्या बाजूने, दोन लॅटरलमधील अंतर १.५ मीटर (५ फूट), ड्रीपरमधील अंतर ४० सेंमी. इनलाइन लॅटरल १६ मिमी, आतील व्यास १३.८ मिमी. लॅटरलच्या तोंडाशी १० मीटर दाब आहे असे धरू.

पाणी लवकर द्यावे म्हणून ४ लिटरचे ड्रीपर निवडले आणि सबमेन बांधाच्या कडेला ठेवली, तर काय होईल?

*पहिली फेरी :* २०० ड्रीपर × ४ लिटर = ८०० लिटर प्रति तास. या प्रवाहाला लॅटरलमधील घट सुमारे ६.३ मीटर येते. म्हणजे शेवटी ३.७ मीटर दाब उरतो. पण या दाबाला ड्रीपर ४ लिटर देणारच नाही, सुमारे २.४ लिटर देईल.

*दुसरी फेरी :* ड्रीपर कमी पाणी देत असतील, तर लॅटरलमधून एकूण पाणीही कमी वाहते, म्हणजे घर्षणही कमी होते. नवीन प्रवाह धरून पुन्हा हिशोब करावा लागतो.

अशा फेऱ्या केल्यावर आकडे स्थिरावतात : घट सुमारे ४.४ मीटर, शेवटचा दाब ५.६ मीटर आणि शेवटच्या ड्रीपरचा प्रवाह ३ लिटर. दाबावर प्रवाह ठरतो आणि प्रवाहावर दाब ठरतो, ही गाठ सोडवणे म्हणजेच सिम्युलेशन. एका लॅटरलसाठी हे वहीत जमते. पूर्ण शेतासाठी संगणक लागतो.

आता चार पर्यायांची तुलना पाहा :

| रचना | शेवटचा दाब (मीटर) | पहिला ड्रीपर (लिटर/तास) | शेवटचा ड्रीपर (लिटर/तास) |
|---|---|---|---|
| १. ४ लिटर ड्रीपर, सबमेन कडेला (लॅटरल ८० मी.) | ५.६ | ४.० | ३.० |
| २. २ लिटर ड्रीपर, सबमेन कडेला (लॅटरल ८० मी.) | ८.५ | २.० | १.८४ |
| ३. ४ लिटर ड्रीपर, सबमेन मध्यभागी (लॅटरल ४० + ४० मी.) | ९.२ | ४.० | ३.८ |
| ४. २ लिटर ड्रीपर, सबमेन मध्यभागी (लॅटरल ४० + ४० मी.) | ९.८ | २.० | १.९८ |

पर्याय १ आणि ३ मध्ये ड्रीपर तोच, लॅटरल तीच, लॅटरलची एकूण लांबीही तेवढीच. फक्त सबमेनची जागा बदलली. लॅटरलची लांबी निम्मी झाली की तिच्यातून वाहणारे पाणीही निम्मे होते, त्यामुळे घर्षणाची घट सुमारे सातव्या हिश्श्यावर येते.

पर्याय १ चे नुकसान किती? शेवटच्या झाडाला १२ लिटर पाणी द्यायचे तर संच ४ तास चालवावा लागेल. तेवढ्या वेळात पहिल्या ड्रीपरमधून १६ लिटर पडते. पाण्यात सोडलेले विद्राव्य खतही याच प्रमाणात वाटले जाते. म्हणजे एका टोकाला खत मुळांच्या खाली वाहून जाते आणि दुसऱ्या टोकाला पिकावर कमतरता दिसते. अशा वेळी पिकाला खत वाढवले तरी फरक मिटत नाही, कारण वाढवलेले खतही त्याच प्रमाणात विषम वाटले जाते.

मोठ्या ड्रीपरने पाणी लवकर होते का? ४ लिटरच्या ड्रीपरने एका विभागाला लागणारा वेळ निम्मा होतो, पण पंप तेवढाच असल्यामुळे विभाग दुप्पट करावे लागतात. एकूण वेळ तेवढाच राहतो, वर व्हॉल्व्हचा खर्च वाढतो. ड्रीपरचा प्रवाह जमिनीचा प्रकार आणि पिकाची गरज पाहून निवडावा. भारी काळ्या जमिनीत कमी प्रवाहाचा ड्रीपर सहसा योग्य ठरतो.

सबमेन, मेनलाइन आणि पंपाची निवड

सबमेन : शेतात ६६ लॅटरल बसतात. दोन विभाग केले तर प्रत्येकात ३३ लॅटरल आणि सबमेन ५० मीटर. २ लिटर ड्रीपरने एका विभागाचा प्रवाह १३,२०० लिटर प्रति तास, म्हणजे सेकंदाला ३.६७ लिटर.

या प्रवाहाला ६३ मिमी सबमेनमध्ये सुमारे ०.६ मीटर आणि ७५ मिमी सबमेनमध्ये सुमारे ०.२५ मीटर घट येते. आता पर्याय २ पाहा. लॅटरलमध्येच १.५ मीटर दाब गेला आहे. ६३ मिमी सबमेन घेतली तर एकूण घट २.१ मीटर होते आणि २ मीटरची मर्यादा ओलांडली जाते. तिथे ७५ मिमी सबमेन घ्यावी लागेल. पर्याय ४ मध्ये मात्र ६३ मिमी सबमेन घेऊनही एकूण घट ०.८ ते ०.९ मीटरच राहते. सबमेनची जागा बदलल्याने तिचा व्यासही कमी करता आला. अशा गोष्टी संपूर्ण संच एकत्र तपासल्यावरच लक्षात येतात.

मेनलाइन : विहिरीपासून सबमेनपर्यंत २०० मीटर पीव्हीसी पाइप धरल्यास, सेकंदाला ३.६७ लिटर प्रवाहासाठी :

| पाइप | घर्षणाने घट (मीटर) |
|---|---|
| ५० मिमी | सुमारे १९ |
| ६३ मिमी | सुमारे ६ |
| ७५ मिमी | सुमारे २.६ |

५० मिमी पाइप खरेदीला स्वस्त वाटतो, पण त्यात जाणारा १९ मीटर दाब पंपाला रोज वीज खर्चून भरून काढावा लागतो. पाण्याचा वेगही सेकंदाला २ मीटरच्या वर जातो आणि व्हॉल्व्ह बंद करताना पाइपला धक्के बसतात. मेनलाइनमधील वेग साधारण १.५ मीटरच्या आत ठेवावा. येथे ६३ मिमी पाइप योग्य ठरतो.

पंप : पंपाला एकूण किती मीटर पाणी चढवावे लागेल, याची बेरीज अशी करावी :

- विहिरीतील पाण्याची उन्हाळ्यातील पातळी : १२ मीटर
- विहिरीच्या तोंडापासून शेतापर्यंतचा चढ : ३ मीटर
- मेनलाइनमधील घट : ६ मीटर
- सँड फिल्टर व स्क्रीन फिल्टर : ५ मीटर
- सबमेनमधील घट : ०.६ मीटर
- लॅटरलच्या तोंडाशी हवा असलेला दाब : १० मीटर
- वळणे, व्हॉल्व्ह, जोड : २ मीटर
- एकूण : सुमारे ३९ मीटर

एचपी = प्रवाह (लिटर प्रति सेकंद) × एकूण हेड (मीटर) ÷ (७५ × कार्यक्षमता)

पंप व मोटार मिळून कार्यक्षमता ५५ टक्के धरल्यास ३.६७ × ३९ ÷ ४१.२५ = सुमारे ३.५ एचपी. म्हणजे या हेड-प्रवाहाला जुळणारा ५ एचपीचा पंप पुरेसा आहे. हेच शेत दोन विभाग न करता एकदम भिजवायचे ठरवले तर प्रवाह दुप्पट होतो, त्याच ६३ मिमी मेनलाइनमधील घट सुमारे २२ मीटर होते आणि पंप सुमारे १० एचपीचा लागतो. व्हेंच्युरीने खत देणार असाल तर तिला लागणारा दाबातील फरकही बेरजेत धरावा.

विहिरीचे पाणी पुरेल का?

पाइपचा हिशोब बरोबर आला तरी पाणीच पुरेसे नसेल तर उपयोग नाही. म्हणून पिकाची सर्वाधिक गरज आणि विहिरीची आवक यांचाही मेळ घालावा.

समजा कडक उन्हात संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन दिवसाला ६ मिमी आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या मार्गदर्शिकेनुसार टोमॅटोच्या ऐन वाढीच्या काळातील पीक गुणांक १.१५ धरतात.

- पिकाची गरज : ६ × १.१५ = ६.९ मिमी
- ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरून : ७.७ मिमी
- संच देतो : २ लिटर ÷ (१.५ × ०.४ चौ. मीटर) = तासाला ३.३ मिमी
- एका विभागाला वेळ : सुमारे २ तास २० मिनिटे
- दोन विभागांना मिळून : सुमारे ४ तास ४० मिनिटे
- रोजचे पाणी : सुमारे ६१,००० लिटर

उन्हाळ्यात विहिरीत दिवसाला ४०,००० लिटरच पाणी येत असेल, तर या काळात दोन एकर पीक जगवता येणार नाही. सुमारे १.३ एकर, म्हणजे ५२ गुंठ्यांपर्यंतच क्षेत्र धरावे किंवा लागवडीची तारीख मागे-पुढे करावी. हा निर्णय रोपे आणण्याआधी झाला तर पीक ऐन फळधारणेत सुकण्याची वेळ येत नाही.

संगणकावर चाचणी कशी करावी? (कृषी सहायक व सल्लागारांसाठी)

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये 'ईपानेट' ही प्रणाली प्रसिद्ध केली. ती शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी तयार झाली असली तरी ठिबकच्या जाळ्यासाठीही वापरता येते आणि मोफत मिळते.

१. शेताचा नकाशा काढून विहीर, फिल्टर, मेनलाइन, सबमेन यांच्या जागा व उंची नोंदवावी. उंची नजरेच्या अंदाजाने न घेता डंपी लेव्हलने किंवा पाण्याच्या नळीने मोजावी.

२. पाइपचा आतील व्यास भरावा. ६३ मिमी हा बाहेरील व्यास असतो. आतील व्यास पाइपच्या दाब-वर्गानुसार बदलतो.

३. ड्रीपरसाठी 'एमिटर' हा घटक वापरावा, घातांक ०.५ ठेवावा. २ लिटर ड्रीपरचा गुणांक लिटर प्रति मिनिट एककात ०.०३३३ ÷ √१० = ०.०१०५ येतो.

४. हजारो ड्रीपर एकेक काढण्याची गरज नाही. दहा ड्रीपरचा एक बिंदू धरून गुणांक दहापट, म्हणजे ०.१०५ करावा.

५. पंपाची फक्त एचपी न भरता कंपनीच्या तक्त्यातील हेड-प्रवाहाचे आकडे भरावेत.

६. आधी नेहमीच्या स्थितीत चालवून सर्वांत कमी दाबाचा ड्रीपर शोधावा. त्यानंतर पुढील अडचणींच्या स्थिती तपासाव्यात :

- मे महिन्यात विहिरीची पातळी आणखी ६ मीटर खाली गेली.
- फिल्टर तुंबून तेथील घट ५ ऐवजी १० मीटर झाली.
- कमी व्होल्टेजमुळे पंपाचा वेग कमी झाला.
- दोन्ही विभागांचे व्हॉल्व्ह एकदम उघडे राहिले.

समजा अशा स्थितीत लॅटरलच्या तोंडाशी १० ऐवजी ६ मीटर दाब मिळाला. मग प्रवाह ७७ टक्क्यांवर येतो आणि २ तास २० मिनिटांऐवजी सुमारे ३ तास पाणी द्यावे लागते. तुमच्या भागातील वीजपुरवठ्याच्या वेळेत दोन्ही विभाग बसतात का, हे शेतकऱ्यासोबत बसून पाहावे.

चढ-उताराच्या शेतासाठी

लॅटरल शक्यतो समपातळीत टाकावी. उतारावर टाकायची असल्यास सबमेन मध्यभागी न ठेवता वरच्या बाजूला सरकवावी, म्हणजे चढाकडील लॅटरल आखूड आणि उताराकडील लांब राहते. एकाच विभागात उंचीचा फरक २ मीटरपेक्षा जास्त असेल तर विभाग उंचीनुसार वेगळे करावेत किंवा दाब-नियंत्रित ड्रीपर वापरावेत.

मॉडेल कुठे कमी पडते?

मॉडेलला क्षार, शेवाळ, उंदीर, ड्रीपरमध्ये शिरलेली मुळे दिसत नाहीत. नवीन ड्रीपरमध्येही निर्मितीचा थोडा फरक असतो. म्हणून आराखडा मर्यादेच्या अगदी काठावर ठेवू नये आणि संच बसवल्यावर प्रत्यक्ष मोजणी करावी.

मोजणीची पद्धत : संच सुरू करून दाब स्थिर होऊ द्यावा. विभागातील चार लॅटरल निवडाव्यात : पहिली, एक-तृतीयांशावरील, दोन-तृतीयांशावरील आणि शेवटची. प्रत्येकीवर अशाच चार जागी ड्रीपरखाली भांडे ठेवून बरोबर ३ मिनिटे पाणी गोळा करावे व मोजपात्राने मोजावे. २ लिटर ड्रीपरसाठी १०० मिली अपेक्षित आहे. सोळा आकड्यांपैकी सर्वांत कमी चार आकड्यांची सरासरी काढून तिला सर्व आकड्यांच्या सरासरीने भागावे व १०० ने गुणावे. उदाहरणार्थ, कमी चारांची सरासरी ८२ आणि एकूण सरासरी ९४ असेल तर समानता ८७ टक्के. ९० टक्क्यांच्या वर उत्तम, ८० ते ९० चांगली, ७० च्या खाली असल्यास दुरुस्ती आवश्यक.

हे आकडे मॉडेलच्या आकड्यांशेजारी लिहावेत. फरकाच्या स्वरूपावरून कारण कळते :

- सर्व ड्रीपर सारखेच कमी देतात : फिल्टर तुंबलेला किंवा पंपाचा दाब कमी.
- शेवटाकडे क्रमाने कमी होते : लॅटरल जास्त लांब, व्यास कमी किंवा टोकाला गाळ साचलेला.
- मधूनच एखादा कमी देतो : ड्रीपर तुंबलेले. लॅटरल धुवाव्यात, पाणी तपासून गरजेनुसार आम्ल किंवा क्लोरीन प्रक्रिया करावी.
- एका ठिकाणापासून पुढे अचानक कमी होते : लॅटरल पिळलेली, दबलेली किंवा फुटलेली.

दरवर्षी हंगामापूर्वी ही मोजणी करून नोंद ठेवावी.

आराखडा हातात घेताना विक्रेत्याला विचारा

१. सर्वांत शेवटच्या ड्रीपरला किती दाब आणि किती लिटर पाणी मिळेल?

२. एका विभागातील प्रवाहाचा फरक १० टक्क्यांच्या आत आहे का?

३. शेतातील उंची प्रत्यक्ष मोजली आहे का?

४. पाइपचा आतील व्यास आणि दाब-वर्ग कोणता धरला आहे?

५. पंपाचे एकूण हेड काढताना विहिरीची पातळी कोणत्या महिन्याची घेतली? फिल्टरची घट धरली का?

६. सर्व विभागांना मिळून किती तास लागतील आणि रोज किती पाणी लागेल?

या सहा प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळाली, तरच चर खोदायला सुरुवात करावी.